येसूआत्याची कवळी

एका जंगलात, मुलांनो, वय दातांवरून ठरत असे.

तिथे जन्माचे दाखले नव्हते. कोण कधी जन्मलं ते आयांनाही आठवत नसे. (मी हसत नाहीये. मला तुमच्या जन्माचं मिनिट पाठ आहे, पण आज तुमच्या डब्यात काय दिलं ते विचाराल तर गप्प बसेन.) मग बैलबाजारातून पळून आलेल्या एका बैलाने युक्ती सांगितली. "आमच्याकडे जबडा उघडतात, दात बघतात. वय कळतं." बैल त्याच दिवशी राजाचा सल्लागार झाला.

तुम्ही दात घासलेत ना? नक्की? बरं.

तर सिंहमहाराजांनी म्हाताऱ्यांसाठी दातांचा विमा काढला. तोंडात पाचापेक्षा कमी दात असतील तो म्हातारा. म्हाताऱ्याला कार्ड. कार्डावर दातांचं सगळं फुकट. सुतारपक्ष्याला डॉक्टर नेमलं. झाडाझाडावर पाट्या लागल्या: 'हप्ता राजाचा, हसू तुमचं!'

कार्डं सगळ्यांनी घेतली. पिशवीत घातली, पिशवी डब्यात घातली, डबा ढोलीत ठेवला. दवाखान्यात मात्र कुणी फिरकेना.

"जपून ठेवलंय," म्हातारा रानडुक्कर बोळक्या तोंडाने म्हणायचा. "वापरून संपलं म्हणजे?"

(आमच्या घरीही असं एक कार्ड आहे. कुठल्या डब्यात ते विचारू नका.)

येसूआत्या नावाची एक म्हातारी अस्वलीण होती. तिला तीन दात. त्यातला एक असा ठणकायचा की ती झाडाला मिठी मारून बसायची. सहा महिने ती नुसती पेज पीत होती. आता बोरं पिकली. शेजारणी तिच्यासमोर बसून बोरं खायच्या आणि वर म्हणायच्या, "तुम्हाला नाही ना चालत, आत्या?"

एके दिवशी आत्याने डबा उघडला.

पहिलाच पेशंट बघून सुतारपक्ष्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आ करा, आत्या. अजून मोठा. अहो, मला गिळायचं नाहीये!" त्याने तिन्ही दात काढले आणि नदीतल्या पांढऱ्या खड्यांची कवळी बसवली. आत्याने वाटेत एक बोर फोडलं. कडाक! ती घरापर्यंत हसत गेली.

पण नियम होता. काम झालं की कचेरीत तोंड दाखवायचं. त्याशिवाय डॉक्टरला फीच्या अळ्या मिळत नसत.

कचेरीत कोल्हा कारकून होता. त्याने आत्याच्या तोंडात बोट घालून एकेक दात मोजला. मग कपाळाला आठ्या घातल्या.

"बत्तीस! बाई, तुम्ही तर तरुण आहात."

"अरे बाबा, मला पणतू आहे!"

"असेल. दात काय म्हणतात ते बघायचं. विमा म्हाताऱ्यांना आहे. कवळी जमा करा."

कवळी जमा झाली. कोल्ह्याने पुन्हा तोंडात डोकावून वहीत लिहिलं: 'दात शून्य.' शिक्का मारला आणि गोड हसला. "आता तुम्ही पात्र आहात, आत्या. जा, दात बसवून घ्या."

आत्या गेली. दात बसले. कचेरीत आली. तरुण ठरली. कवळी जमा. वहीत शून्य, शिक्का, पात्र.

असं तीनदा झालं. नदीतले खडे संपत आले. सुतारपक्षी उपाशी. बोरांचे तर शेवटचे चार दिवस उरले होते.

चौथ्यांदा आत्या कचेरीत आली. कोल्ह्याने सवयीने बोट तिच्या तोंडात घातलं. "एक, दोन..."

आत्याने तोंड मिटलं.

कोल्हा तीन पायांवर उड्या मारत सिंहमहाराजांकडे गेला. "महाराज, चावली! ही म्हातारी मला चावली!"

आत्यालाही बोलावलं. महाराजांनी वही मागवली. चष्मा लावला. पान उलटलं.

"इथे दात शून्य लिहिलंय."

"तेव्हा होते शून्य, महाराज! आता तोंडात बघा ना!"

"शिक्का कुणाचा?"

"माझाच."

"मग ज्याला दातच नाहीत ते कसं चावेल? तुझा शिक्का खोटा म्हणू?" महाराजांनी जांभई दिली. "फारच शंका असेल तर जा, परत मोज."

येसूआत्याने लगेच आ केला. अगदी मोठा.

कोल्ह्याने त्या उघड्या तोंडात बघितलं. मग आपल्या बोटाकडे बघितलं. "राहू दे महाराज," तो म्हणाला, "मलाच काहीतरी लागलं असेल."

तेव्हापासून कोल्हा मोजणी लांबूनच करतो. समोर कुणीही म्हातारं उभं राहिलं की दहा हातांवरून विचारतो, "दात शून्यच ना?" आणि शिक्का मारतो. सुतारपक्ष्याच्या दारात आता रांग असते. रानडुकरानेसुद्धा डबा उघडला. आत्या रांगेशेजारी बसून बोरं फोडत असते आणि घाबरलेल्यांना एकच गोष्ट शिकवते: तोंड कधी मिटायचं ते.

तात्पर्य: रोज दोनदा दात घासावेत, असं मी लिहिणार होते. ते तर कराच. पण म्हातारपणी दात तोंडात असावेत आणि सरकारी वहीत नसावेत. उलट झालं, तर पेज प्यावी लागते.