नऊ किल्ल्यांची हकीकत

श्री. शहाण्यांस सोसणाऱ्या आणि वेड्यांस सांभाळणाऱ्या ईश्वरास नमन करून वर्तमान लिहिले ऐसे जे: शके अठराशे एक्याण्णव, सौम्य नाम संवत्सरे, भाद्रपदमासी उंच भिंतींचे आत एक राज्य नांदत होते. रयत मनाने दुखावलेली, आणि सरदार मंडळी तिची शुश्रूषा करणारी. तेथील रिवाज ऐसा की मान किल्ल्यांस होता. कमरेस जुडगा मोठा त्यास सकाळचे कचेरीत खुर्ची, एकच किल्ली त्यास बाक, आणि किल्ली नाही त्याने उंबऱ्याबाहेर उभे राहावे, त्यास कोणी काही पुसू नये. अनसूयाबाई घोगरे थोरल्या परिचारिका, चाकरी बावीस वर्षे, किल्ल्या नऊ. बाई निघाल्या की खळखळाटाने आधी वर्दी पोचे, आणि तो नाद बाईंस गोड वाटे. खोटे का लिहावे?

त्यांचे दालनात बया नामे स्त्री तीन वर्षे होती. रोज कोणी सरदार येऊन नाव पुसे, आणि ती कान झाकून भिंतीकडे वळे, आणि दफ्तरी लिहिले जाई की रोगी बोलत नाही. भाऊ तीस घरी न्यावयास राजी होता, परंतु दरबारापुढे स्वमुखे नावगाव सांगितल्याखेरीज सोडू नये ऐसा कायदा. सोमवारी दरबार होता. न बोलल्यास मागील बराकीत रवानगी, आणि तेथून कोणी परत आल्याचे ऐकिवात नाही. बाई शनिवारी ओसरीवर कपाळास हात लावून बसल्या, तो फरशी पुसणारी तान्हूबाई म्हणाली, “बाई, माझ्यासंगं तर रोज बोलती की वो ती. परवा म्हनली, जपून, पाय घसरंल.”

“मग तीन वर्षं सांगितलं का नाहीस?”

“मला कुनी इचारलं? किल्ल्या वाजल्या की ती कान झाकती. तुमी लांब गेला की बोलती.”

मग जुडगा कपाटात ठेवून बाई बयेपाशी गेल्या आणि खाली बसल्या. बयेने बाईंच्या रिकाम्या कमरेकडे पाहिले, आणि ती म्हणाली, “माझ्या भावाला कळवलं का?”

सोमवारी सात सरदार खुर्च्यांवर विराजमान जाहले, जुडगे वाजले, आणि बयेने कान झाकले. मुख्य दाजीसाहेब, किल्ल्या तीस, त्यांनी लेखणी उचलली. तेव्हा बाई बोलिल्या, “साहेब, किल्ल्या बाहेर ठेवा. त्यांच्या आवाजाला ती भिते.”

“घोगरेबाई, किल्ल्या ठेवायच्या म्हणजे अधिकार ठेवायचा. आणि तुमच्या कुठं आहेत?”

“कपाटात. तीन वर्षं हिला आम्हीच गप्प केलं, साहेब. माझं काय करायचं ते करा, पण घटकाभर ऐका.”

मग उंबऱ्याबाहेरून तान्हूबाई आत आली आणि फरशीची बादली मध्ये ठेवून म्हणाली, “यात टाका.” ऐसी गोष्ट त्या राज्यात पूर्वी घडली नव्हती, म्हणोन ना कसे म्हणावे हे कोणास सुचेना, आणि एकेक जुडगा बादलीत पडला, शेवटी दाजीसाहेबांचाही, आणि तान्हूबाई बादली घेऊन दूर अंगणात गेली. मग बयेने हात खाली केले आणि नाव सांगितले, गाव सांगितले, भावाचे नाव सांगितले, आणि दाजीसाहेबांच्या कोटाची गुंडी सुटत आली आहे हेही सांगितले. भाऊ त्याच दिवशी दुपारी येऊन तीस घरी घेऊन गेला.

दरबाराने पुढे विचार करून आज्ञा केली की किल्ल्या वाजू नयेत म्हणोन पिशवीत ठेवाव्या. तीस किल्ल्यांस रेशमी पिशवी आणि नऊ किल्ल्यांस सुती. चाकरीत असता जुडगा कपाटात ठेविला, सबब घोगरेबाईंच्या नऊही किल्ल्या जप्त. बाई दुसरे दिवशी कचेरीस गेल्या आणि उंबऱ्याबाहेर उभ्या राहून रडल्या. तान्हूबाईने सरकून जागा करून दिली. दिवाळीपर्यंत बाईंस समजले की त्या दालनात आणखी चौघीजणी बोलत्या आहेत.

येणेप्रमाणे बया घरी गेली, किल्ल्यांस पिशव्या जाहल्या, आणि चौघींची नावे ठाऊक असलेल्या दोन बाया रोज सकाळी उंबऱ्याबाहेर उभ्या असतात. त्यांस अद्याप कोणी पुसले नाही. लेखनसीमा.