भोईरमामांची रुसणारी बाई

अंबरनाथच्या आमच्या रसायनांच्या कारखान्यात हजेरी लावण्याआधी हात हुंगवून घ्यावे लागत. हुंगायचे मोरिवलीचे भोईरमामा, रिअ‍ॅक्टरवरचे सगळ्यात जुने ऑपरेटर. "हात दाव," म्हणायचे आणि कांद्यालसणाचा वास आला की साबणाकडे पिटाळायचे. मी बदलापूरहून लॅबमध्ये नवी आले, तेव्हा पहिल्याच दिवशी तीनदा हात धुतले.

"आत बाई हाय," मामा म्हणाले. "वास आला का रुसते."

बाई म्हणजे प्लॅटिनमचा कॅटलिस्ट, रासायनिक क्रिया घडवणारा उत्प्रेरक. तेलासारख्या रसायनाला सिलिकॉन जोडायचं तर तो थेंबभर पुरतो, पण गंधक लागलं की संपलाच. कांद्यात गंधक असतं, हे मामांना कुणीतरी सांगून ठेवलं होतं. रिअ‍ॅक्टर बंद असतो, हाताचा वास आत जात नाही, हे मी त्यांना आकृती काढून समजावलं. मामांनी आकृती नीट बघितली आणि मग कागदही हुंगला.

हसायचं तरी कसं? त्यांच्या पाळीत कधी बॅच फुकट गेली नाही. रिअ‍ॅक्टरच्या अंगावर तळवा ठेवून ते सांगायचे, "लागली बाई कामाला." तापमानाचा काटा त्यानंतर हलायचा. माझी पदवी त्या तळव्यापुढे फिकी होती, हे कबूल करते.

घरीही हाच कायदा. आगरी घरात कांदासुकट, म्हणजे कांद्यात परतलेली सुकी मासळी, नाही म्हणजे शिक्षाच, पण नोकरीभर मामांनी कांदा शिवला नाही आणि त्यांच्यासाठी मामींनीही सोडला. रिटायर झाल्यावर पहिल्या दिवशी मामी कांदासुकट करणार, असं दोघांचं ठरलं होतं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी मामी गेल्या.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच दिवशी, दुपारच्या सुट्टीत, मामा डबा घेऊन गेटवर हजर. आम्ही आत बोलावलं. त्यांनी स्वतःचाच हात हुंगला.

"नको. मी भायेरच बरा."

डब्यात कांदासुकट होती, त्यांनी स्वतः केलेली, थोडी करपलेली. आम्ही गेटबाहेर उभ्यानेच खाल्ली. मी म्हटलं, "मामा, मस्त झालीय."

"मस्त झाली असंल. पन तिच्यासारखी झाली का, ता कलत नाय गो," मामा म्हणाले. "तिच्या हातची चवच इसरलो."

मामांनी हळूच डबा बंद केला आणि गेटकडे बोट दाखवलं.

"जा, हात धू. बाई रुसंल."