दामूभाऊंचा दोन फुटी समुद्र

रोज सकाळी दात घासून झाले की दामूभाऊ गभने काचेच्या पेटीतल्या पाण्यात करंगळी बुडवायचे, ती जिभेवर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचे, "आज मुंबई जमली." एखाद्या दिवशी, "आज मुंबई जराशी अळणी हाये."

आमच्या वरठीहून समुद्र गाठायचा तर रेल्वेत एक अख्खी रात्र घालवूनही वर काही तास उरतात. आमच्याकडचे पाणी म्हणजे वैनगंगा, तळी आणि धानाच्या बांध्या. तरीही ऐंशी सालाच्या आसपास या माणसाच्या बैठकीत दोन फूट लांबीचा समुद्र होता. मी त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारा शाळामास्तर. गेल्या महिन्यात त्यांची तेरवी झाली. ती पेटी आता माझ्या खोलीत आहे, कोरडी.

दामूभाऊ स्टेशनवर पार्सलबाबू होते आणि घाई त्यांच्या अंगात मुरलेली होती. लग्नात पहिल्या पंगतीला बसायचे आणि मठ्ठा येण्याआधी उठायचे. "चला, गाडीचा टाइम झाला." त्यांना कुठे जायचे नसे, पण गाडी कुणाची ना कुणाची असायचीच. माझे वडील वारले तेव्हा भेटायला आले, उभ्या उभ्या रडले, डोळे पुसले, घड्याळ पाहिले आणि गेले. राग यायच्या आत माणूस दिसेनासा होई, त्यामुळे त्यांच्यावर कुणी रागावलेले मला आठवत नाही.

त्यांच्या पत्नी, आमच्या अनसूयावहिनी, वारल्या आणि वर्षभराने ती पेटी आली.

"मासे पाळता का?" मी विचारले.

"मासे नाही, गुरुजी. फूल. समुद्रातलं. दगडाले चिकटून रायते, दिसते फुलावानी, पण हाये जनावर. ते उमललं पायजे, बस."

"उमलून काय होणार?"

"तुमी पुस्तक वाचा नं. बाकीचं मी पायतो."

पुस्तक इंग्रजी होते, कुठून तरी मागवलेले. संध्याकाळी मी ते मराठीत सांगायचो आणि दामूभाऊ पार्सलच्या जुन्या पावत्यांच्या पाठीवर टिपून घ्यायचे. पुस्तक म्हणायचे, उजेड भरपूर हवा. त्यांनी शंभराचा बल्ब टांगला. एप्रिलात पेटीतले पाणी आंघोळीच्या पाण्याइतके तापले. बल्ब गेला, टूबलाइटचा विचार आला. भंडाऱ्याच्या दुकानात मीही सोबत होतो.

"किती मोठी बैठक हाये?" दुकानदाराने विचारले.

"दोन फूट."

"अन् चार टूब? मंडप टाकून राहिले का, दामूभाऊ?"

"दोन पांढऱ्या, दोन निळ्या. खोल पाण्यात निळा उजेड रायते."

निळ्या मिळाल्या नाहीत. मग दोन नळ्यांना आकाशकंदिलाचा निळा जिलेटिन कागद गुंडाळला. त्यानंतर संध्याकाळी त्यांच्या खिडकीतून असा काही उजेड पडायचा की परगावची माणसे दवाखाना समजून दार वाजवायची. दामूभाऊ त्यांना आत घेत, पाणी पाजत आणि खऱ्या दवाखान्याचा रस्ता सांगत.

गाळणीचे प्रकरण अधिक अवघड होते. नुसते फडक्याने पाणी गाळून भागत नाही. वाळूत डोळ्यांना न दिसणारे जीव वस्तीला येतात, ते घाण खातात. म्हणून पाणी सतत वाळूतून फिरते ठेवावे लागते. दामूभाऊंनी भाजी धुवायची प्लास्टिकची चाळणी कापून तळाशी उपडी घातली. कारध्याच्या नदीपात्रातले शिंपले आणून उकळले, कुटले, त्यांचा थर वर पसरला. हवेचा छोटा पंप लावला, की बुडबुड्यांबरोबर पाणी वर चढे आणि शिंपल्यांतून पुन्हा खाली झिरपे. राहिला प्रश्न लाइन, म्हणजे वीज, जाण्याचा, आणि ती तर रोज जाई. त्यासाठी ट्रकची जुनी ट्यूब सायकलच्या पंपाने फुगवून ठेवली आणि तिला सलाइनची नळी जोडली. नळीचे चाक थोडे सैल केले की दोन तास हवा पुरायची.

पाणी खुद्द मुंबईचे. ओळखीचे गार्ड कॅन भरून आणायचे. उन्हाळ्यात ते आटून खारटपणा वाढे, मग उकळून गार केलेले पाणी घालावे लागे. जिभेवर भरवसा नको म्हणून त्यांनी दूध तपासायचा लॅक्टोमीटर आणला. "गुरुजी, पक्कं झालं. समुद्र म्हंजे थोडं पाणी घातलेलं दूध." त्यांच्या हातात लॅक्टोमीटर पाहिल्यापासून आमच्या आळीचा गवळी अचानक चांगले दूध घालू लागला. या समुद्राचा गावाला झालेला एवढाच फायदा.

दिवाळीच्या तोंडावर एका गार्डाने पहिले फूल आणले, दगडासकट. दामूभाऊ ड्यूटीवर गेले आणि सणाला आलेल्या त्यांच्या थोरल्या बहिणीने, कौसाबाईने, घर साफ करायला काढले. समया, तांब्या, पंचपाळे यांच्याबरोबर तो दगडही चिंच आणि राखेने घासून लख्ख केला आणि पेटीत परत ठेवला.

"शेवाळ चढलं होतं, दामू. लक्ष्मी याची घरात, अन् असा घाणेरडा दगड काहून ठेवू? त्याले एक सडका गोळा चिकटला होता, तोबी काढला."

मला वाटले, आता हा माणूस घर डोक्यावर घेणार. दामूभाऊंनी दगड हातात घेतला, उलटा-सुलटा केला. "लय चमकला, बाई," ते म्हणाले आणि न जेवता परत स्टेशनवर गेले.

दुसरे फूल थंडीत आले. ते मिटलेलेच होते, काळपट सुपारीएवढे. दिवस गेले, तरी तसेच. दामूभाऊंनी एक टूब काढली, पुन्हा लावली. हवा कमी केली, वाढवली. शिंपले बाजूला करून पाहिले. दिवसातून तीनदा विचारायचे, "उमलंल नं, गुरुजी?" मी पुस्तकात पाहायचो. पुस्तकात तारीख नव्हती.

बाराव्या दिवशी, रविवारी सकाळी, त्यांनी मला हाक मारली. निळसर उजेडात ते फूल पुरते उघडले होते. शेवंतीसारखे, पण प्रत्येक पाकळी हलत होती, कुणाला तरी जवळ बोलावल्यासारखी.

पेटीसमोर एक पाट मांडलेला होता. मी त्यावर बसणार, तोच त्यांनी हात आडवा केला. "थांबा. तुमाले दुसरा देतो." आतून दोन पाट आणून त्यांनी पहिल्याच्या दोन्ही बाजूंना ठेवले. एकावर मी बसलो, एकावर ते. मधला रिकामा.

"पुतण्याच्या लग्नाले मुंबईले गेलो होतो आमी," ते म्हणाले. "येताना घटकाभर समुद्रावर गेलो. तिथं खडकात पाण्याचं डबकं, त्यात असंच फूल. तिनं बोट लावलं, मिटलं. म्हणे, थांबा जरा, पुन्हा उमलते का पाहू. मी म्हटलं, उठ, गाडी सुटंल. हात धरून उठवलं. दीड तास होता, गुरुजी, गाडीले."

मग त्यांनी बाही वर सारली. मी 'अहो, अहो' म्हणेपर्यंत त्यांनी पाण्यात बोट घालून फुलाला हलकेच लावले. सगळ्या पाकळ्या आत गेल्या. बारा दिवसांची मेहनत पुन्हा सुपारीएवढी झाली.

दामूभाऊंनी हात पुसला, मनगटावरचे घड्याळ सोडून कोनाड्यात ठेवले आणि मांडी घालून बसले. बाहेर स्टेशनवर गाडी आली आणि गेली. त्यांनी मान वळवली नाही.

"बसा," ते म्हणाले. "पाहू पुन्हा उमलते का."