सायलेन्सरच्या पट्ट्या आणि लाल कोबी

वेन्डल क्यूपर्सने ठरवलं होतं ते एवढंच, की एक क्लॅम्प काढायचा, पुसायचा आणि परत लावायचा. शनिवारी सकाळी, कॉफी निवायच्या आत उरकण्यासारखं काम.

क्लॅम्प होता त्याच्या सासऱ्यांच्या गाडीचा. गेरिट व्हॅन डाइकची ती हिरवी, दोन सीटची, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार माहीत नाही असा माणूस झीलँड गावात नव्हता, आणि गेरिटशिवाय त्या गाडीला हात लावलेला माणूसही नव्हता. वेन्डल इतकी वर्षं त्या घरचा जावई, पण त्याची मजल एकदा बॉनेटला टेकण्यापर्यंत गेली होती. तेव्हाही सासऱ्यांनी ती जागा लगेच फडक्याने पुसून घेतली होती (त्याच्या देखत).

गेल्या पानगळीत गेरिट गेले. थंडीभर गाडी सासूबाईंच्या शेडमध्ये झाकून पडली होती. बर्फाने शेडचं छप्पर वाकलं तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे हेस्टरबाईंनी, ती ट्रकवर घालून वेन्डलच्या गॅरेजमध्ये पाठवली आणि फोनवर सांगितलं, की गाडी तुझ्याकडे ठेवायला देतेय. 'ठेवायला' या शब्दावर त्यांनी जरा जास्तच वजन टाकलं होतं.

आता मंगळवारी ग्रँड रॅपिड्स शहरातले एक गृहस्थ ती बघायला येणार होते. जुन्या गाड्या विकत घ्यायच्या, खिळा न् खिळा सुटा करून नव्याकोऱ्या करायच्या, हाच त्यांचा धंदा. गाडी त्यांच्याकडे जाणार हे जवळजवळ ठरल्यासारखंच होतं.

वेन्डलला ती गाडी हवी होती. लहान मुलाला दुसऱ्याच्या हातातला पतंग हवा असतो तशी हवी होती. पण "आई, ही गाडी मला द्या" हे वाक्य त्याच्या तोंडून निघत नव्हतं. तो काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, रस्ते खात्यात कारकून होता. लोकांच्या खड्ड्यांच्या तक्रारी तो दिवसभर फोनवर ऐकून घेई आणि "तुमचं म्हणणं वर कळवतो" म्हणे. स्वतःचं म्हणणं कुठे कळवायचं असतं याचा त्याला सराव नव्हता. म्हणून त्याने मनाशी योजलं, की बोलायचं नाही, करून दाखवायचं. सासूबाईंना दिसेल असं काहीतरी छोटंसं, सुबक काम करायचं.

सायलेन्सर गाडीखाली टांगून धरणारा मागचा क्लॅम्प गंजून तपकिरी झाला होता. वेन्डलने गाडी स्टँडवर चढवली, पाठीवर झोपून खाली सरकला, क्लॅम्प सोडवला, तारेच्या ब्रशने घासला, पॉलिश पेपर फिरवला आणि शेवटी ड्रिलला कापडी चाक लावून त्याला असा उजळला, की त्यात त्याला स्वतःचं नाक दिसायला लागलं. समाधानाने त्याने तो परत जागेवर धरून पाहिला.

घात तिथेच झाला. त्या चकचकीत क्लॅम्पमुळे शेजारची पट्टी भलतीच भिकार दिसायला लागली. ती काढली. मग पुढची पट्टी नाराज दिसू लागली. मग वायसर, मग बोल्ट. दुपारी मार्सिया, म्हणजे त्याची बायको, जेवायला बोलवायला आली तेव्हा सायलेन्सर कपड्याच्या हँगरच्या तारेवर लोंबत होता आणि त्याला धरून ठेवणारं सगळं सामान जमिनीवर वर्तमानपत्रावर मांडलेलं होतं.

"आईला ठाऊक आहे का हे?" मार्सियाने विचारलं.

"सरप्राइज आहे," वेन्डल गाडीखालून म्हणाला.

"ते तर होणारच," असं म्हणून ती गेली.

हाताने घासत बसलो तर मंगळवार उजाडेल हे संध्याकाळपर्यंत त्याच्या लक्षात आलं. मोबाइलवर एक दाढीवाला माणूस सांगत होता, की गंजलेले भाग व्हिनेगरमध्ये टाकून मंद आचेवर ठेवा, गंज आपोआप सुटतो. मंद आच म्हटल्यावर वेन्डलला स्लो कुकर आठवला, रात्रभर हळूहळू शिजवणारं विजेचं भांडं. मार्सियाकडे तसे दोन होते, दोन्ही लग्नात आलेले, दोन्ही बदामी रंगाचे आणि दोन्हींवर तीच निळी फुलं. (दोन मावश्यांनी एकमेकींना न विचारता एकाच दुकानातून खरेदी केली होती आणि त्यावरून पुढे बरीच वर्षं त्यांचं बोलणं बंद होतं.) त्यातला एक कपाटात मागे पडून होता. तो नेला तर कुणाला कळणार आहे, असा सरळ विचार वेन्डलने केला.

पण गॅरेजमध्ये स्लो कुकर आणि ड्रिल एकाच वेळी चालवलं, की फ्यूज उडायचा. दोनदा अंधारात चाचपडल्यावर त्याने कुकर उचलून स्वयंपाकघरात आणला, ओट्यावर कोपऱ्यात लावून दिला आणि सकाळी सगळे उठायच्या आत परत न्यायचं ठरवलं. शेजारीच दुसरा कुकर आधीपासून रटरटत होता. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात सगळ्यांचं एकत्र जेवण असे. प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणायचा. मार्सियाची लाल कोबी त्या जेवणात प्रसिद्ध होती. सफरचंद, लवंग आणि भरपूर व्हिनेगर. म्हणजे वासाने ओळखू येण्याचीही सोय उरली नव्हती.

रविवारी वेन्डल उठला तोवर मार्सिया चर्चमधल्या गाण्याच्या तालमीला पुढे निघून गेली होती आणि हेस्टरबाई, ज्यांना तो चर्चला घेऊन जात असे, दारात उभ्या होत्या. हेस्टरबाईंना उशीर खपत नसे. वेन्डल टाय शोधत असताना त्यांनी ओट्यावरचा हाताशी आलेला कुकर टॉवेलात गुंडाळला, झाकणाला रबर लावलं आणि गाडीत मांडीवर घेऊन बसल्या. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, की मार्सियाने या वेळी कोबी फारच जास्त केलेली दिसतेय, केवढं जड झालंय. वेन्डल आपला कुकर साफ विसरला होता, त्याने मान डोलावली. सासूबाईंच्या चांगल्या स्कर्टवर, चर्चच्या वाटेवर, सासऱ्यांच्या सायलेन्सरचं सामान चाललं होतं आणि तो हवापाण्यावर बोलत होता.

तळघरात लांब टेबलं लागली. पाद्री हार्लन यांचा मान पहिला. ते वयस्कर होते, त्यांची नजर अधू होती आणि मार्सियाच्या कोबीवर त्यांचं मनापासून प्रेम होतं. त्यांनी झाकण काढलं, खोल श्वास घेतला आणि डाव बुडवला. आतला रस तांबूस तपकिरी होता, त्यामुळे त्यांना काही वावगं वाटलं नाही. डाव बटाट्यांच्या शेजारी उलटा केला तेव्हा मात्र प्लेटमधून ठणकन आवाज आला.

"मार्सिया," ते म्हणाले, "या वेळी हाडासकट केलंस का?"

मार्सिया टेबलाच्या दुसऱ्या टोकाला होती. ती म्हणाली, की कोबीत हाड कुठून येईल. पाद्रींनी काट्याने तो तुकडा उचलून दिव्यासमोर धरला. त्यातून व्हिनेगर ठिबकत होतं. रांगेतल्या माणसांनी माना पुढे काढल्या. कुणी म्हणालं मानेचा भाग असावा, कुणी म्हणालं बैलाचं शेपूट अगदी असंच दिसतं. वेन्डल सॅलडच्या वाडग्याकडे एकटक बघत राहिला आणि जमीन दुभंगण्याची वाट पाहू लागला. चर्चची जमीन काँक्रीटची होती. ती दुभंगली नाही.

हेस्टरबाई पुढे झाल्या. त्यांनी चष्मा वर केला, काट्यावरची वस्तू हातात घेतली, रुमालाने पुसली आणि उलटसुलट करून पाहिली.

"ही गेरिटच्या गाडीची पट्टी आहे," त्या म्हणाल्या. "सायलेन्सरची. मागची."

मार्सियाने नवऱ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे पुष्कळ प्रकारे पाहिलं होतं, पण हा प्रकार नवा होता. मग पाद्री हार्लन यांनी प्लेट हळूच बाजूला सरकवली आणि म्हणाले, की देवाने दिलेल्या अन्नाबद्दल आपण आभार मानतोच, तर आज थोडे न दिलेल्या अन्नाबद्दलही मानू. हसण्याची अशी लाट उसळली, की वेन्डलला त्या लाटेत बुडून मरता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

चर्चच्या मोरीत त्याने खाण्याचा सोडा मागून घेऊन सगळ्या पट्ट्या धुतल्या. परतीच्या वाटेवर हेस्टरबाई मागच्या सीटवर बसल्या. पट्ट्यांची पिशवी त्यांनी स्वतःच्या हातात ठेवली होती. वेन्डलने तीनचार वेळा माफी मागायला तोंड उघडलं आणि दरवेळी त्यातून "तुमचं म्हणणं" एवढंच येऊन अडकलं.

घरी पोचल्यावर त्या तडक गॅरेजमध्ये गेल्या. स्टँडवर चढलेली गाडी, हँगरच्या तारेवर लोंबणारा सायलेन्सर, सगळं त्यांनी वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. मग कोपऱ्यातली बागेतली घडीची खुर्ची उघडली आणि तिच्यात बसल्या.

"बॅटरी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

वेन्डलने गाडीच्या बॅटरीकडे बोट दाखवलं.

"हातातली रे," त्या म्हणाल्या. "उजेड कोण धरणार तुला? गेरिट खाली असायचा तेव्हा मीच धरायचे."

ती दुपार वेन्डलला पुढे कितीतरी दिवस आठवत राहिली. तो घासत होता, त्या उजेड धरत होत्या, आणि मधूनमधून बोलत होत्या. गेरिट खाली झोपला की कसं गुणगुणायचा, चुकीच्या नटला कसल्या शिव्या द्यायचा आणि वर उजेड धरलेली बायको चर्चची खजिनदार आहे हे कसं विसरायचा. गरम व्हिनेगरने खरंच गंज सोडवला होता. पट्ट्या, क्लॅम्प, बोल्ट, एकेक चाकावर धरला की चंद्रासारखा उगवत होता. पट्ट्यांना लागणारी नवी रबरं त्याने आणून ठेवलीच होती. संध्याकाळी मार्सिया सँडविच घेऊन आली. (कोबीचं सँडविच. खरी कोबी शिल्लक होती, सगळीच्या सगळी.) तिने गाडीखाली डोकावून पाहिलं आणि कबूल केलं, की छान दिसतंय. सायलेन्सर आता इंचभरही हलत नव्हता. वेन्डलने प्रत्येक नट जीव खाऊन आवळला होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर त्याने गाडी बाहेर काढली. हेस्टरबाई डोक्याला रुमाल बांधून शेजारी बसल्या. गाडी खोकली, मग लागली, आणि दोन्ही बाजूंना मक्याची शेतं असलेल्या रस्त्यावर लोण्यासारखी सरकायला लागली. इंजिनाचा खर्जातला सूर सोडला तर कसलाच आवाज नाही. वेन्डलची छाती शर्टात मावेना. त्याने हळूच शेजारी पाहिलं तर सासूबाईंचे डोळे भरून आले होते. त्याला वाटलं, झालं आपलं काम. माणसाने बोलायचं नसतं, करून दाखवायचं असतं.

"थांबव जरा," त्या म्हणाल्या.

त्याने गाडी शेताच्या कडेला घेतली. त्यांनी रुमालाच्या टोकाने डोळे टिपले आणि सांगितलं, की तो आवाज गेला. गेरिटचा सायलेन्सर नेहमी खडखडायचा. चाळीस वर्षांत त्याला तो एकदाही नीट बसवता आला नाही. पलीकडच्या चौकात गाडी वळली की खडखड स्वयंपाकघरात ऐकू यायची, मग त्या बटाटे आचेवर ठेवायच्या. गाडी पुसून, झाकून तो दार उघडून आत येईपर्यंत बटाट्यांना उकळी फुटलेली असायची.

वेन्डल उतरला, डिकीतून पाना काढला आणि ऑफिसच्या कपड्यांनिशी गवतात पाठीवर झोपून खाली सरकला. मागचा नट त्याने अर्धा फेरा सैल केला. वरून हेस्टरबाईंनी सांगितलं, की अजून थोडा. त्याने अजून थोडा केला.

परत येताना गाडी अशी खडखडत होती, की शेतात काम करणारी माणसं मान वर करून हात हलवू लागली. हेस्टरबाई सीटला टेकून, डोळे मिटून हसत होत्या. गावात शिरता शिरता त्या म्हणाल्या, की ग्रँड रॅपिड्सच्या गृहस्थांना आज रात्री फोन करून येऊ नका म्हणून सांगणार आहे. गाडी आता तुझ्याकडेच राहू दे.

खडखडाटावर आवाज चढवून वेन्डलने विचारलं, "नक्की ना, आई? ते लोक मोठे तज्ज्ञ आहेत म्हणे."

"म्हणूनच तर," हेस्टरबाई म्हणाल्या. "ते ती नीट दुरुस्त करतील. तुझ्याकडे ती भीती नाही."