चेंगदूला गेलेली पुरी

आमच्या सोसायटीतला एक स्टीलचा डबा गेल्या संक्रांतीपासून चीनला जाऊन येतो. डबा माझा आहे. झाकणावर 'सौ. कालिंदी टिपणीस' असं नाव घातलेलं आहे, त्यामुळे मालकीबद्दल वाद नाही. वाद झाला तो गेटवरच्या नोंदवहीवरून, आणि त्याला मीच कारण आहे. ते पुढे येईलच.

माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये तान मिन राहते. मूळची चेंगदूची, वय चौतीस, इथे तळेगावच्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला आलेली. मराठी ती तिथल्या कामगारांकडून शिकली, त्यामुळे तिच्या बोलण्यात आदर कमी आणि जोर जास्त. पोरगी लाघवी. पण अंगाला काही लागेना. गालफडं पार बसली होती.

मी आपली सरळ बाई. चीनची आहे ना, मग चायनीज देऊ. स्टेशन रस्त्यावरच्या गाडीवरून मंचुरियन आणलं. तिने सगळं खाल्लं, चमचा चाटला आणि म्हणाली, "काकू, एक नंबर आहे. कुठल्या देशाचं?" मग मी शेजवान डोसा आणला. आपण ज्याला शेजवान म्हणतो तो प्रांत म्हणजे तिचं माहेरच. डोशाकडे ती बराच वेळ बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. तिखटाने नव्हे, कारण तिने अजून घासही घेतला नव्हता.

"काकू, तीन वर्षं झाली," ती म्हणाली. "आमच्या वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी आई पुरचुंड्या करते. पातळ पारी, आत खिमा, वर लाल तेल. उकळत्या पाण्यातून काढल्या काढल्या खायच्या. पाच मिनिटं गेली की संपलं, मग त्या नुसत्या चिकटतात. मला त्या गरम खायच्यात. बाकी काही नको."

कारखान्याने यंदाही सुट्टी नाकारली होती. आई बहात्तर वर्षांची, एकटी, आणि विमानात पाय ठेवायला तयार नाही. यंदाची ती संध्याकाळ सोळा फेब्रुवारीला होती.

संक्रांतीला मी तिला डबाभर तिळाचे लाडू दिले. शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत, हे तिला कारखान्यात कोणीतरी बजावून सांगितलं होतं. घरात तर ओट्सशिवाय काही नाही. तिने डबा धुतला, पुसला, उरलेले चार लाडूच परत आत ठेवले, त्याला म्हणाली, "तूच बघ बाबा आता," आणि माझ्या दाराशी ठेवला. सकाळी दाराशी डबा नव्हता. गेटवर शेलार वॉचमनच्या वहीत नोंद होती: नाव, डबा. कुठे, चीन. काम, घरगुती. सहीच्या रकान्यात बुडाचा गोल ठसा.

शेलारला बोल लावण्यात अर्थ नव्हता. आल्यागेल्या प्रत्येकाची नोंद झालीच पाहिजे, मग तो कोणीही असो, असं मीच आधीच्या सभेत टेबलावर हात आपटून मंजूर करून घेतलं होतं.

पंधराव्या दिवशी डबा परत आला. आत सुकवलेले मशरूम, वाळवलेलं मांस आणि तपकिरी दाण्यांची एक पुडी. आम्ही टिपणीस, मासमटणाला आमची ना नाही, पण मी आधी एक दाणा चावला. जीभ झिणझिणली. "अगं, हे तर आपलं तिरफळ," मी म्हणाले. मिन जिन्यातच बसली होती आणि पुडीचा दोरा बोटांवर फिरवत होती. "ही गाठ आईची आहे," ती म्हणाली.

तिने तिथूनच फोन लावला. आईचं म्हणणं साधं होतं. दाराशी डबा आला, आत लाडू होते, लाडू छान होते. लोकांची भांडी रिकामी परत पाठवायची पद्धत त्यांच्या घरातही नाही.

मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. तिळाचा लाडू पंधरा दिवस सहज टिकतो. डबा पंधरा दिवसांनी आला आणि टिकाऊ माल घेऊन आला. मला शंका आली, आणि शंका आली की मी प्रयोग करते. पुढच्या खेपेला डब्यात पुरणपोळ्या दिल्या. डबा तिसऱ्या दिवशी आला, आत वाफवलेले पाव, जरा कडक झालेले. मग उकडीचे मोदक दिले. सकाळी गेलेला डबा दिवेलागणीला दारात, आणि आत कोमट, लुसलुशीत टोफू. जे जितकं टिकतं, तितकाच वेळ डबा घेतो, आणि तसलंच घेऊन येतो. मिनने तो टोफू चमच्याने खाल्ला, डबा तिरका करून पाणी प्यायली आणि म्हणाली, "जवळ आलो काकू. फार जवळ आलो."

मला त्या रात्री आनंदाने झोप लागेना. मोदकापेक्षाही कमी टिकतं काय? सकाळी चहा गाळताना एकदम सुचलं. टम्म फुगलेली पुरी. मी लगेच तळून, झाकण लावून, घड्याळ समोर ठेवून बघितलं. दीड मिनिटात बसली. मी तशीच चप्पल न घालता समोर गेले आणि मिनचं दार वाजवलं. ऐकून तिने मला कमरेतून उचललंच. मी अडुसष्ट वर्षांची आहे.

अडचण एकच होती. शेलारला एक नोंद लिहायला दोन मिनिटं लागतात.

मी सचिवांकडे, बोंद्र्यांकडे गेले. बोंद्रे महसूल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा लावून ठराव दोनदा वाचला.

"नियम तुम्हीच करून घेतलात, काकू."

"चुकलंच माझं. आधी लिहून ठेवता येईल का?"

"आगाऊ नोंद नियमात बसत नाही."

"अहो, त्या पोरीने तीन वर्षं वाट बघितली आहे. पुरी गेटवर बसली तर डबा नुसता तेलकट कागद घेऊन येईल."

बोंद्र्यांनी ठराव तिसऱ्यांदा वाचला. मग म्हणाले, "नोंद चालू असताना पाहुण्याने थांबावं, असं मात्र ठरावात कुठे दिसत नाही. मी स्वतः वही घेऊन उभा राहतो. त्याने ठसा उमटवावा आणि जावं. लिहिणं मागाहून होईल." मला त्यांचा पहिल्यांदाच अभिमान वाटला.

सोळा तारखेला वर्षअखेर म्हणून मी सकाळी मिनला पाटावर बसवून डोक्याला खोबरेल तेल चोळलं, दिवाळीला चोळतात तसं. दुपारी चारला कढई ठेवली. तिकडे साडेसहा वाजले होते. मिनने फोन ओट्यावर उभा केला. आई पलीकडून काहीतरी म्हणाली. "पाणी उकळतंय म्हणते," मिन म्हणाली. ती माझ्या मागे उभी राहून कढईत डोकावायला लागली. मी झारा धरला.

पहिली पुरी फुगली नाही. दुसरी एका बाजूने फुगली आणि फाटली. "काकू, नीट करा ना," मिन ओरडली. मी म्हटलं, "तू बाजूला हो, माझ्या मानेवर श्वास सोडू नकोस." तिसरी पुरी तेलात पडली, झाऱ्याने हलकेच दाबली, आणि अशी फुगली की मी आयुष्यात तशी पाहिली नाही. डब्यात ठेवली, झाकण लावलं, मिनने डबा दारात टेकवला. डबा निघाला. त्याचा खणखणाट तीन मजले खाली गेला आणि गेटपाशी थांबलाच नाही.

मी गॅस बंद करून वळले, तर खणखणाट वर येत होता.

झाकणाचा हाताला चटका बसला. आत लाल तेलात पुरचुंड्या, अजून हलत असलेल्या. वाफेने माझा चष्मा धुरकटला. मिनने उभ्या उभ्याच पहिली तोंडात टाकली, मग दुसरी, मग तिसरी. "भाजलं," ती म्हणाली, आणि हसायला लागली. तोंड उघडं ठेवून हसत होती, वाफ बाहेर येत होती. चौथी तिने माझ्या तोंडात कोंबली. काय सांगू. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि मला ते पुसायचंही सुचलं नाही.

खालून बोंद्र्यांचा आवाज आला. "गेला चार अकरा, आला चार अकरा. हे वार्षिक सभेत समजावायचं कसं?"

तेवढ्यात फोनवर आई बोलायला लागली. मिनचं चावणं थांबलं.

"काय गं?"

"म्हणते पुरी फुगलेलीच पोचली. तिने बोटाने टोचली, फुस्स झालं, आणि आतून इथली हवा आली. तळणाची. उदबत्तीची. आणि माझ्या केसांची." मिनने स्वतःच्या वेणीला हात लावला. "विचारते, तिथे तुझ्या केसांना तेल कोण लावतं?"

मिनने फोन माझ्याकडे वळवला. मी पदराने तोंड पुसलं आणि हात जोडले. पलीकडे पांढऱ्या केसांची बारकीशी बाई होती. तिच्या एका हातात झारा होता आणि दुसऱ्या तळहातावर बसलेली पुरी. तिने पुरी खाली न ठेवता मान लववली आणि काहीतरी विचारलं.

"आणखी एक पाठवाल का म्हणते. ती टोचणार नाही. नुसती जवळ ठेवील."

"तिला सांग, पुरी ठेवून राहत नाही," मी म्हटलं. "रोज एक पाठवते."

मी गॅस पुन्हा लावला. खाली शेलारने नवं पान काढून रकाने आखले आणि कामाच्या रकान्यात पानाच्या शेवटापर्यंत लिहून टाकलं: रोजचं. आगाऊ नोंद नियमात बसत नाही, पण बोंद्रे काही बोलले नाहीत.