भांडण, दिवसातून दोनदा

"हात वर करा, मावशी."

सोनूबाईने हात वर केला. म्हणजे तिच्या मते केला. बघणाऱ्याला वाटलं असतं की बाई रिक्षाला हात दाखवतेय, पण रिक्षा थांबली तर पंचाईत होईल म्हणून अर्धाच दाखवतेय.

रत्नप्रभाने तिचं ते मापायचं यंत्र काढलं. कंपासपेटीतलं कोनमापक वयात येऊन त्याला दोन लांब हात फुटावेत, तसलं. एक पट्टी तिने सोनूबाईच्या बरगडीला धरली, दुसरी दंडाला, आणि आकडा वाचला.

"ऐंशी."

"गेल्या मंगलवारी किती व्हता?"

"ऐंशी."

"त्याच्या आदल्या?"

"मावशी, ऐंशीच."

"मंग तुजी पट्टी बिघडली आसंल. दुसरी आन."

रत्नप्रभा हसली नाही. कांदिवलीची पोर, फिजिओथेरपीचं शिक्षण संपवून अंधेरीच्या त्या धर्मादाय दवाखान्यात लागून चारच महिने झाले होते तिला. आणि सोनूबाईचा खांदा म्हणजे तिच्या डोक्याला रोजचा ताप झाला होता.

झालं होतं एवढंच, की वैशाखाच्या शेवटी वेसाव्याच्या मासळीबाजारात बर्फाच्या पाण्यावरून सोनूबाईचा पाय घसरला. उजव्या खांद्याजवळचं हाड चिरलं. सहा आठवडे हात गळ्यातल्या झोळीत. मग झोळी सुटली, फोटो काढला, हाड मस्त जुळलेलं. आता शेक दिला, पुली दिली, भिंतीवर बोटं चढवत न्यायचा व्यायाम दिला. बोटं छातीपर्यंत चढत आणि तिथे जणू कुणी दार लावलंय अशी थांबत. गंमत म्हणजे सोनूबाईला उताणी झोपवून, सुनेच्या चहाड्या सांगायला लावून रत्नप्रभाने हात हळूच उचलला, की तो बराच वर यायचा. पण सोनूबाईच्या ध्यानात आलं रे आलं, की खांद्याचा दगड.

"नारली पुनवेला किती दिस ऱ्हायले?" सोनूबाईने विचारलं.

"वीस."

"वीस दिसात नाय झायला तर मी मेली."

मरणार वगैरे नव्हती. पण तिच्या हिशेबाने त्याहून वाईट होणार होतं. नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा समुद्रात जाणार, ताजी मासळी येणार. बंदरावर पाटी भरायची, उचलून डोक्यावर घ्यायची आणि बाजारात आपल्या ओट्यावर जाऊन बसायचं, हे सोनूबाई तीस वर्षं करत होती. आता मुलगा हरेश्वर म्हणाला होता, "आये, पुनवेपरेंत पाटी तुजी तू डोक्यावर घेतलीस तर ओटा तुजा. नायतर इमला बसंल. तू घरात टीवी बघ."

टीव्ही! शहाऐंशी साली कोळीवाड्यात घरात टीव्ही असणं म्हणजे मान होता. सोनूबाईला तो शत्रू वाटायला लागला.

सून विमला वाईट नव्हती. उलट इतकी गोड, की सोनूबाईचं रक्त उसळायचं. "आये, तुमी आता आराम करा," म्हणत म्हणत तिने स्वतःसाठी नवीकोरी चुंबळ शिवून ठेवली होती. लाल जरीच्या काठाची. डोक्यावर पाटीखाली ठेवायच्या चुंबळीला जर! आणि हरेश्वरने नुकताच रंग दिलेल्या भिंतीवर ती रोज पेन्सिलीने एक रेघ मारायची, सोनूबाईची बोटं कुठवर पोचली त्याची. दहा दिवसांत दहा रेघा एकावर एक बसून तिथे एकच जाड रेघ झाली होती.

एका संध्याकाळी रत्नप्रभा सोडे घ्यायला वेसाव्याच्या बाजारात गेली. आईने सांगितलं होतं, सोडे तिथलेच आण. खांद्याला दवाखान्याची पिशवी तशीच. पावसाळ्याचे दिवस, ओट्यांवर सगळी सुकी मासळी. लांबूनच आवाज आला.

"सटवे! तुजी फली सरकव आदी!"

"का सरकवू? तुज्या बापाचा ओटा हाय काय?"

एक सोनूबाई; तिची पाटी हल्ली विमला ओट्यावर पोचवून जायची. दुसरी तिच्या शेजारच्या ओट्यावरची जया. या दोघींचं बारा वर्षं एकाच गोष्टीवरून चाललं होतं. जयाची फळी सोनूबाईच्या ओट्यावर चार बोटं आत आलीय. जयाचं म्हणणं, ओटाच चार बोटं तिकडे गेलाय. त्या चार बोटांवर एक बांगडासुद्धा नीट मावला नसता.

पण रत्नप्रभा भांडण ऐकत नव्हती. ती बघत होती. सोनूबाईचा उजवा हात सरळ डोक्यावर गेला होता. आभाळाला भोक पाडायचं असल्यासारखं एक बोट वर, आणि दंड कानाला टेकायला आलेला!

रत्नप्रभाने पिशवीतून यंत्र ओढलं आणि गर्दीत घुसली. "हात खाली आणू नका! कोणी हलू नका!"

बाजाराने काय बघितलं? एक अनोळखी, चष्मेवाली, हातात मापाची पट्टी, आणि म्हणते हलू नका. मागून कुणीतरी बोंब ठोकली, "वजनमापवाली आयली!"

मग काय विचारता. दोन मिनिटांत बाजारातली निम्मी वजनं गायब. कुणी पाटीखाली सारलं, कुणी जवळ्याच्या ढिगात खुपसलं, एकीने पाव किलोचं माप सरळ कमरेला खोचलं आणि वर साळसूद चेहरा करून जप करायला लागली. जया घाईत आपल्या तराजूवर बसली.

रत्नप्रभाला यातलं काही दिसलंच नाही. तिने एक पट्टी बरगडीला लावली, दुसरी दंडाला. "एकशे साठ! मावशी, एकशे साठ!"

सोनूबाईने मान वर करून स्वतःचा हात बघितला. "अगो बाय माजे!" म्हणाली आणि हात धपकन खाली. पुन्हा उचलायला गेली तर ऐंशी.

"कललं मला," रत्नप्रभा घाईघाईत म्हणाली. बाजारात उभं राहून तिचाही ळ गेला होता. "हाड बरं झालंय, सांधाही मोकळा आहे. भीती बसलीय आत. पुन्हा दुखेल म्हणून तुम्हीच हात धरून ठेवता. राग आला की भीती विसरता."

"मंग?"

रत्नप्रभाने केसपेपर काढला आणि तिथेच, जयाच्या पाठीचं टेबल करून लिहिलं: भांडण, दिवसातून दोनदा, दहा-दहा मिनिटं. हात पूर्ण वर करून.

जया पाठ वाकवूनच म्हणाली, "आनि मी काय तिज्या बापाची नोकर? अवशद म्हनून भांडू?"

"बारा वरसं फुकट भांडतेस ती?" सोनूबाई कडाडली, आणि हात गेला एकशे वीसवर. म्हणजे औषध लागू होतं.

पहिले चार दिवस झकास गेले. सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला जया फळीवर हात आपटायची, "चल गो, टायम झायला," आणि दोघी सुटायच्या. गिऱ्हाइकं वेळ बघून यायला लागली. भिंतीवरची रेघ वीतभर वर चढली. विमलाने चुंबळीचा जरीचा काठ उसवून ठेवला.

पण ठरवून किती भांडणार? आठवड्याने दम संपायला लागला.

"तुजे बोंबील वासतात," जया म्हणायची.

"व्हय गो, थोरे वासतात. काल उन्हच नव्हता."

"आगो, असं नाय बोलाचं! मना शिवी दे!"

"सकाली दिली ती चालंल काय?"

"ती शिली झायली."

मग नवीन शिवी काय द्यायची यावर दोघी डोकं जोडून बसायच्या. बसायच्या म्हणून चहा यायचा. चहा आला की घरच्या गोष्टी निघायच्या. बारा वर्षांत जयाला माहीत नव्हतं की सोनूबाईचा नवरा गेला तेव्हा ती तीन महिने गच्च तोंड मिटून पाटी वाहत होती. सोनूबाईला माहीत नव्हतं की जयाच्या पोरीला सासरी माशाचा वासही चालत नाही, म्हणून ती आईला भेटायला येत नाही. एके दिवशी पाचचं भांडण राहूनच गेलं, दोघी रडत बसल्या होत्या.

रत्नप्रभाने मापलं आणि कपाळाला हात लावला. "एकशे तीस. चार दिवस एकशे तीसच. मावशी, भांडण खरं पाहिजे! हे काय चाललंय, भजन?"

"काय करू? ती चांगली हाय गो," सोनूबाई कानकोंडी होऊन म्हणाली.

"आधी नाही कळलं तुम्हाला?"

"आदी कदी बोललोच नाय. निस्ती भांडलो."

एकशे तीसने पाटी डोक्यावर जात नाही. कपाळापर्यंत जाते आणि तिथून नाकावर येते. सोनूबाईने घरी करून बघितलं होतं, रिकामी पाटी होती म्हणून नाक वाचलं.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी हरेश्वरने अंगणात पाटी ठेवली. आत सुकटीचं गाठोडं आणि वर दोन नारळ, वजनाला. शेजारीपाजारी जमले. रत्नप्रभा दवाखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा घेऊन आली, आणि तोंड असं, की परीक्षा तिचीच. विमला चुंबळ हातात घेऊन उभी. काठ पुन्हा शिवलेला.

सोनूबाईने आपली जुनी, काळी पडलेली चुंबळ डोक्यावर ठेवली. वाकली. पाटी गुडघ्यावर, गुडघ्यावरून छातीशी. आणि तिथे थांबली.

"थेरडे!" जया ओरडली. "भोपल्या! तोंड बघ तुजा, सडक्या पापलेटावानी!"

सोनूबाईला हसू फुटलं. हसताना पाटी आणखी खाली आली.

"कालवाच्या शिपीत ऱ्हानारी! हालकट!"

"आगो नको, पोटात दुखते," सोनूबाई हसून बेजार.

हरेश्वरने हळूच पाटीखाली हात घातला. "ऱ्हाऊ दे आये. खूप केलंस." आणि विमला इतक्या मायेने म्हणाली, "द्या आये," की सोनूबाईचं हसू गेलं. डोळ्यांत पाणी आलं. तीस वर्षं संपली असं तिला वाटलं.

जयाने सुस्कारा सोडला. आता ओरडण्यात अर्थ नव्हता. ती पदर झटकत बाजूच्या बाईला म्हणाली, अगदी साध्या, व्यवहाराच्या आवाजात, "चला. एक बरं झायला. ही घरात बसली म्हंजी आनखी चार बोटं मी घेऊन टाकते. इमला लहान हाय, तिला कलनार बी नाय."

"काय?"

पाटी छातीवरून उडाली. खरंच उडाली म्हणायचं, कारण मधल्या प्रवासात तिला कुणी बघितलंच नाही. एका क्षणी छातीशी होती, दुसऱ्या क्षणी सोनूबाईच्या डोक्यावर. डावा हात पाटीला आणि उजवा सरळ आभाळात.

"माजी चार बोटं घेतेस? मी जिती असताना? तुज्या सात पिड्यांनी..."

पुढचं लिहिण्यासारखं नाही. एक नारळ पाटीतून घरंगळून हरेश्वरच्या पायावर पडला आणि तो लंगडत नाचला. बोलता बोलता सोनूबाईच्या लक्षात आलं की सगळे तिच्या डोक्याकडे बघतायत. ती थांबली. वर गेलेल्या उजव्या हाताने हळूच पाटी चाचपली.

हात खाली आला नाही.

"जये," ती म्हणाली, "माज्यासाठी बोललीस काय गो?"

जया नुसती हसली. सोनूबाईने तिला पाटीसकट मिठी मारली. रत्नप्रभाने दोघींच्या मधून यंत्र घातलं आणि ओरडली, "एकशे पंच्याहत्तर!" विमलाने तिची जरीकाठी चुंबळ सासूच्या हातात दिली. हरेश्वर म्हणाला, टीव्ही मीच बघतो, पाय सुजलाय.

पौर्णिमा झाली, होड्या गेल्या. पहिल्या मासळीच्या सकाळी सोनूबाई जरीच्या चुंबळीवर पाटी घेऊन ऐटीत बाजारात आली. मागोमाग रत्नप्रभा, शेवटचं माप घेऊन केसपेपर बंद करायला. "उपचार पूर्ण" असं तिने घरूनच लिहून आणलं होतं, नुसती सही बाकी होती.

सोनूबाईने पाटी उतरवली आणि ओट्याकडे बघितलं.

जया आधीच येऊन बसली होती. समोर तिची फळी. आणि फळी बरोबर चार बोटं आत. जुनी चार सोडून, आणखी चार.

"जये!" सोनूबाईने विचारलं. "हे काय?"

"सांगितला व्हता ना तुला," जया कोळंबी नीट लावत म्हणाली. "सगल्या गावासमोर सांगितला."

सोनूबाईचा हात सणसणत वर गेला. आता तो एकशे ऐंशी होता की त्याच्याही पुढे, ते रत्नप्रभाला मापता आलं नाही, कारण जवळ जायची सोय राहिली नव्हती. ती एका कोपऱ्यात बर्फाच्या पेटीवर बसली, केसपेपर मांडीवर घेतला, "उपचार पूर्ण" वर काट मारली आणि शेजारी नीट अक्षरात लिहिलं: उपचार चालू ठेवावेत.