मालकांचा गुलाबी फोन

खोक्यांच्या कारखान्यात तिला कोणी नावाने हाक मारत नसे. सगळे पासवर्डबाई म्हणत. कामाला लागून पाच महिने तीन आठवडे झाले होते, सहा महिने भरले की नोकरी पक्की होणार होती, आणि तेवढ्यात तिने अख्ख्या कारखान्याचा रोष ओढवून घेतला होता. कारण साधं होतं. कारखान्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक बिस्किट कंपनी. तिच्या नव्या खोक्यांची चित्रं माल बाजारात येण्याआधीच इकडच्या लोकांच्या फोनमधून फिरायची. कंपनीने कळवलं, माणसांचे फोन कुलूपबंद करा, हरवला तर दुरून पुसता आला पाहिजे, नाहीतर आम्ही खोकी दुसरीकडून घेतो. मालकांनी ते पत्र तिच्या टेबलावर टाकलं आणि म्हणाले, "बघा काय ते."

तिने बघितलं. एकूण एकेचाळीस फोन. कोणाचा अँड्रॉइड, कोणाचा आयफोन, त्यातही कोणाचा इतका जुना की तासाभराने एकदा उत्तर द्यायचा. प्रत्येकाची कुलूप लावायची रीत वेगळी आणि वापरणाऱ्याचा रुसवा वेगळा. छपाईच्या फोरमनला वाटलं, बाई आता आपले मेसेज वाचणार. तिने त्याला शेजारी बसवून दाखवलं की कारखान्याचं काम एका कप्प्यात, घरचं दुसऱ्या कप्प्यात, आणि घरच्या कप्प्याची किल्ली तिच्याकडे नाही. फोन हरवला तर मात्र दोन्ही कप्पे पुसले जातील, म्हणून घरचे फोटो रोज आपोआप बाहेर साठवायची सोयही तिने करून दिली. फोरमन निम्मा शांत झाला. गेटवरच्या वॉचमनकडे बटणांचा फोन होता, त्यात फोटो निघतच नव्हते. नोंदवहीत त्याच्या नावापुढे तिने 'धोका नाही' असं लिहिलं, आणि तेव्हापासून कारखान्यात तिला रोज नमस्कार करणारा तो एकटाच उरला.

चाळीस फोन झाले. एकेचाळिसावा मालकांचा.

"माझ्या फोनला कुलूप कशाला?" मालक म्हणाले. "मी काय चोर आहे? दर वेळी आकडे दाबत बसू? माझ्या फोनला मीसुद्धा कधी कुलूप लावलेलं नाही. कंपनीच्या अहवालात एकेचाळीस लिहा आणि संपवा."

"झाले चाळीस, सर. चाळीसच लिहीन."

हिशेबनीस टायपिंग करायचे थांबले. मालकांना 'नाही' ऐकायची सवय नव्हती. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, म्हणजे तिला सहा महिने पुरे व्हायला किती दिवस राहिलेत ते. घरी आई रोज सांगत होती की नोकरी पक्की होईपर्यंत तोंड मिटून रहा, मग काय बोलायचं ते बोल. पण पासवर्डबाईचा स्वभाव असा की तोंड मिटलं तर मान ताठ व्हायची, आणि ताठ मान तर लांबूनही दिसते.

दोन दिवसांनी ड्रायव्हरकाकांनी एक फोन आणून तिच्यापुढे ठेवला. पांढरा आयफोन, गुलाबी कव्हर, कव्हरला लटकवलेलं चिमुकलं घुंगरू.

"मालकांचा," काका म्हणाले आणि पंख्याकडे बघत उभे राहिले.

मालकांच्या हातात तिने नेहमी काळा, हातभर लांब अँड्रॉइडच बघितला होता. तिने काकांना नीट विचारलं. काका म्हणाले, मला नेऊन द्यायला सांगितला, मी दिला. मालक खोटं बोलतात असं म्हणायला तिच्याकडे पुरावा नव्हता. पण खोटी नोंद करायला ती तयार नव्हती. तिने फोनला कुलूप लावलं, फोटो साठवायची सोय केली आणि वहीत जे दिसलं ते शब्दाला शब्द लिहिलं. मग कुलपाचे आकडे चिठ्ठीवर लिहून फोन काकांबरोबर परत पाठवला.

मंगळवारी दुपारी मालक केस कापून आले ते धावतच. मानेवर अजून केसांचे तुकडे होते. फोन गेला होता. खिशात नव्हता, गाडीत नव्हता, आणि त्यात बिस्किट कंपनीच्या खोक्याचं नवंकोरं चित्र होतं, शुक्रवारी पाहणीला येणाऱ्या साहेबांनी कालच पाठवलेलं.

"पुसून टाका! आत्ताच्या आत्ता."

"नोंदीतला फोन पुसायचा ना, सर?"

"मग काय भिंत पुसणार?"

तिने नियमाप्रमाणे अर्ज भरला, वहीतली नोंद त्यावर उतरवली आणि पुढे सरकवला. नोंद वाचा आणि मगच सही करा, असं ती म्हणाली. मालकांनी न वाचताच सही ठोकली. ती म्हणाली की मीच वाचून दाखवते.

"बाई," मालक हळू आवाजात म्हणाले, "तुम्हाला नोकरी पक्की करून हवी आहे ना?"

ती खरोखर वाचून दाखवणार होती. पण हे ऐकल्यावर तिने अर्ज फायलीत ठेवला आणि बटण दाबलं.

मालकांचं घर कारखान्याच्या मागेच होतं. वीस मिनिटांत मालकीणबाई आल्या, हातात पांढरा फोन, कव्हर गुलाबी.

"हा मला नमस्कार म्हणतोय," त्या म्हणाल्या. "चार वर्षं वापरते मी याला. आज म्हणतो, नमस्कार, आपली भाषा निवडा. माझ्या भाचीच्या बाळाचे सगळे फोटो होते यात."

मालकांना तेव्हा कुठे आठवलं की आपण काय करून ठेवलंय. त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज चढला. या बाईंनी चुकीचा फोन पुसला, असल्या माणसाला ठेवून घेता येणार नाही, उद्यापासून यांनी येऊ नये, असं त्यांनी सगळ्या ऑफिसला ऐकवलं.

पासवर्डबाईचा हात फायलीकडे गेला. तिने अर्ज काढला आणि मालकांच्या नाही, मालकीणबाईंच्या हातात दिला.

त्यांनी मोठ्याने वाचला. "मालकांनी आपला म्हणून दिलेला फोन. पांढरा, गुलाबी कव्हर, त्याला घुंगरू." मग त्यांनी खालची सही बघितली. "माझा फोन नेताना तुम्ही म्हणाला होतात, त्याचा विमा काढायचाय."

मालकांना एकाएकी मानेवरचे केस टोचायला लागले.

"बाळाचे फोटो गेलेले नाहीत," पासवर्डबाई म्हणाली. "संध्याकाळपर्यंत सगळे परत आणून देते. मग मला काढायचं तर काढा. पण जाताना अहवालात मी चाळीसच लिहून जाईन."

मालकीणबाईंनी टेबलावरच्या फोनवरून नवऱ्याचा नंबर फिरवला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला. पहिल्याच रिंगला कोणीतरी उचलला.

"या, या. दहा मिनिटांत तुमचाच नंबर."

तो सलूनवाला होता. फोन आरशाखाली पावडरच्या डब्यामागे राहिला होता. येतील ते फोन तो घेत होता, आणि कुलूप नाही, काही नाही, म्हणून मधल्या वेळात चाळतही होता. बिस्किट कंपनीच्या साहेबांचाही आला होता, खोकी कधी मिळणार म्हणून. त्यांनाही त्याने दहा मिनिटं सांगितली होती, आणि इतकं सरळ उत्तर कारखान्याकडून पहिल्यांदाच मिळालं म्हणून ते खूश झाले होते.

"आणि ते बिस्किटाचं चित्र झकास आहे," तो म्हणाला. "दुकानातल्या सगळ्यांना आवडलं. फक्त लाल रंग जरा कमी करा म्हणतायत."

ऑफिसात कोणी हसलं नाही. त्यासाठी फोरमनला खोकलावं लागलं आणि हिशेबनिसांना टेबलाखाली पेन शोधावं लागलं.

ड्रायव्हरकाका काळा फोन घेऊन आले तेव्हा मालकीणबाई पासवर्डबाईच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या. याला कुलूप लावा, त्या म्हणाल्या, आकडे मी घालते. मालक काहीतरी म्हणणार होते, पण त्यांनी आधी अर्जावरच्या आपल्या सहीकडे बघितलं. नोकरी पक्की केल्याच्या पत्रावरही त्यांनी त्याच दुपारी सही केली. या वेळी दोनदा वाचून.

शुक्रवारी अहवालात एकेचाळीस गेले, खरे.

दर रविवारी मालकीणबाई नवे आकडे घालतात. ते सांगायची त्यांची एकच अट आहे, विचारायचं ते कारखान्याच्या फोनवरूनच. म्हणून सोमवारी सकाळी मालक येतात, पासवर्डबाईच्या टेबलाशी उभे राहतात आणि घरी फोन लावतात.

"अगं, या आठवड्याचं काय आहे?" ते दबक्या आवाजात विचारतात. मग रिसीव्हरवर हात ठेवून म्हणतात, "बाई, जरा तिकडे बघता का?"

दुसरा आकडे दाबताना आपण बघायचं नाही, हा तिचाच नियम. खुर्ची आधीच भिंतीकडे फिरवलेली असते.

"तिकडेच बघतेय, सर," ती म्हणते. "सावकाश दाबा."